नातीच्या जन्मगावी जाताना : वाचकांचे प्रश्न

परदेशी कुटुंबांना मुलं दत्तक देणं चीनने ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस थांबवलं. जवळच्या रक्ताच्या नात्यातलं मूल किंवा जोडीदाराचं मूल एवढाच अपवाद ठेवला. त्याआधी, १९९२ पासून, १ लाख ६० हजारांहून अधिक मुलं चीनमधून परदेशी घरांत गेली; त्यांतली ८२ हजारांच्या वर एकट्या अमेरिकेत. ती मुलं आता मोठी झाली आहेत, आणि आईबाप त्यांना जन्मगाव दाखवायला नेतात. यांतल्या काही लेकरांचे आजी-आजोबा, मामा-मावश्या आपल्या वऱ्हाडात आणि झाडीपट्टीतही आहेत, हे तुमच्या पत्रांवरून दिसतं. त्यांतल्या काही पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलगा आणि अमेरिकन सून न्यू जर्सीत असतात. नात ग्वांगदोंग प्रांतातून दत्तक घेतलेली, आता चौदा वर्षांची. यंदा दिवाळीच्या सुमारास ते तिला तिचं गाव दाखवायला नेणार आहेत. 'आईबाबा, तुम्हीही तिकडून या' असा आग्रह आहे. आम्ही शेतकरी, पासपोर्ट दोघांचेही आहेत. व्हिसा कुठे काढायचा? सगळ्यांचा एकत्र निघतो का? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : एकत्र निघत नाही. मुलगा-सून-नात यांचं काम तिकडे अमेरिकेत होईल, तुमचं मुंबईला. महाराष्ट्र हा मुंबईतल्या चिनी वकिलातीच्या हद्दीत येतो आणि अर्ज तिथल्या व्हिसा केंद्रामार्फत जातो. पासपोर्ट निदान सहा महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. सोबत ऑनलाइन भरलेला अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, येण्याजाण्याचं तिकीट, प्रत्येक रात्रीच्या हॉटेलचं बुकिंग आणि बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट. शेतीच्या उत्पन्नावर आयकराचं विवरणपत्र नसतं, तेव्हा सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या इंग्रजी भाषांतरासह जोडा. मुलाच्या पासपोर्टची प्रत आणि सगळ्यांचा मिळून एकच दिवसवार प्रवासकार्यक्रमही जोडा. दोन म्हाताऱ्या माणसांचा स्वतंत्र अर्ज पाहून पडणारे प्रश्न त्याने आधीच सुटतात.

घोळ बहुतेक नावात होतो. आपल्याकडे कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असतो, कुणाच्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिसळलेलं असतं. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि चीनमधलं रेल्वेचं तिकीट या तिन्हींवर पासपोर्टवरचीच अक्षरं त्याच क्रमाने हवीत. चीनमध्ये रेल्वेचं तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघतं आणि फाटकावर पासपोर्टच तपासतात.

आता नातीचं. तिच्या कागदांना सगळ्यांत जास्त वेळ लागू शकतो, म्हणून मुलाला हे आजच कळवा. चीन दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अमेरिकेचा २००० सालचा बालनागरिकत्वाचा कायदा २७ फेब्रुवारी २००१ पासून लागू आहे. त्याप्रमाणे दत्तकविधी पुरा होऊन अमेरिकेत राहायला आलेलं अठरा वर्षांखालचं मूल आपोआप नागरिक होतं. त्यामुळे चीनच्या लेखी ती आता परदेशी आहे. पण जन्म चीनमधला असल्यामुळे पहिल्या व्हिसाच्या वेळी ज्या चिनी पासपोर्टवर ती देशाबाहेर पडली तो जुना पासपोर्ट मागतात, शिवाय दत्तकपत्र आणि नागरिकत्वाचा दाखला. तो लहानसा पासपोर्ट 'आता काय कामाचा' म्हणून कुठेतरी टाकून दिला जातो आणि ऐनवेळी सापडत नाही. त्यावरचं चिनी नाव आणि आताचं नाव वेगळं असतं. दोन्ही नावं एकाच मुलीची आहेत हे सांगणारा कागद म्हणजे दत्तकपत्र.

मुलगा म्हणेल, अमेरिकन पासपोर्टवर दहा दिवस व्हिसा लागत नाही. खरं आहे, पण अट नीट वाचायला सांगा. डिसेंबर २०२४ पासूनची २४० तासांची ही सवलत एका देशातून येऊन तिसऱ्याच देशात जाणाऱ्यांसाठी आहे. अमेरिकेहून ग्वांगझौ (ग्वांगदोंगची राजधानी) आणि तिथून परत अमेरिका असं चालत नाही. अमेरिका, चीन आणि मग दिवाळीला भारत असं चालतं. भारतीय पासपोर्ट त्या यादीत नाही, तेव्हा तुम्हाला व्हिसा लागणारच. सवलतीवर गेले तरी नातीचे जुने कागद सोबत असू द्यात; कल्याण संस्थेत, म्हणजे तिकडच्या सरकारी अनाथालयात, ते लागतातच.

हाँगकाँग पाहायचं ठरत असेल तर एक लक्षात ठेवा. मुख्य चीनमधून हाँगकाँगला गेलात की चीनमधून बाहेर पडल्याची नोंद होते. परत यायला दुसरा प्रवेश लागतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तुम्ही तिथेच अडकाल. भारतीयांना हाँगकाँगसाठी वेगळी ऑनलाइन पूर्वनोंदणीही करावी लागते.

तारखेबद्दल : १ ते ७ ऑक्टोबर ही चीनची राष्ट्रीय सुट्टी असते. तेव्हा कचेऱ्या बंद, गाड्या भरलेल्या आणि हॉटेलं महाग. चिनी नववर्षाचेही दिवस टाळा. दिवाळीचा काळ मात्र ग्वांगदोंगसाठी उत्तम. जून ते ऑगस्टमध्ये तिथे पारा आपल्या मे महिन्याएवढा चढत नाही, पण हवा इतकी दमट की वर्ध्याचा मे सोसणारा माणूसही हैराण होतो, आणि किनाऱ्याला वादळं येतात. संस्थेची भेट मंगळवार ते गुरुवार यांतल्या दिवशी ठेवा. शनिवार-रविवारी फाईल दाखवणारा माणूस कामावर नसतो.

नागपूरहून दिल्ली किंवा कोलकात्याला जावं लागेल. तिथून ग्वांगझौची थेट विमानं २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुन्हा सुरू झाली आहेत.

प्रश्न : आमच्या मुलीने हुनान प्रांतातून मुलगी दत्तक घेतली. ती जिथे दीड वर्ष होती त्या अनाथालयात नेमकं काय पाहायला मिळतं? आधी कुणाला विचारायचं? आम्ही आठ जण जाणार आहोत. (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : आठ जण चीनला जरूर जा, पण संस्थेत आठ जण जाऊ नका. लेकरू, आईबाप आणि दुभाषा एवढेच आत गेलेले बरे. आजी-आजोबांनी आत यायचं की बाहेर थांबायचं हे मुलीला विचारा, तेही तिच्या आईने, एकांतात. सगळ्यांसमोर विचारलं तर ती 'या' असंच म्हणेल.

परवानगी आधीच लागते. तिकडे त्याला समाजकल्याण संस्था किंवा बालकल्याण संस्था म्हणतात. सरकारी जागा आहे, दारावर जाऊन 'आत पाहू द्या' चालत नाही. ज्या दत्तक एजन्सीमार्फत मूल घेतलं तिने चीनच्या बालकल्याण व दत्तक केंद्राला लिहायचं. ते केंद्र प्रांताच्या नागरी व्यवहार विभागाला आणि तो संस्थेला कळवतो. एजन्सी बंद पडली असेल तर अशा सहली आखणाऱ्या संस्था हे काम करतात. निदान तीन-चार महिने हाताशी ठेवा. अर्जाला मुलीच्या दत्तकपत्राची, जुन्या आणि नव्या पासपोर्टची प्रत, दत्तक घेतानाचा फोटो, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे संस्थेचं नाव व मुलीचं चिनी नाव मूळ चिनी लिपीत. इंग्रजीत लिहिलेलं एकच नाव दहा वेगळ्या चिनी अक्षरांचं असू शकतं. नुसत्या इंग्रजी नावावरून फाईल शोधणं कठीण जातं.

कधी नकारही येतो. काही इमारती पाडून संस्था गावाबाहेर नव्या जागी गेल्या आहेत. तेव्हा कार्यक्रम त्या एका भेटीवरच टांगू नका. प्रांताची राजधानी, म्हणजे तुमच्या बाबतीत चांगशा, इथेच बहुधा दत्तकाची नोंदणी झाली आणि आईबापांनी मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं. तिथून वेगवान रेल्वेने अडीच तासांच्या आसपास ग्वांगझौ. अमेरिकेत गेलेल्या मुलांचा व्हिसा तिथल्या अमेरिकन वकिलातीतूनच निघायचा. ही वकिलात २०१३ पर्यंत शामियान बेटावर होती. तिथल्या व्हाइट स्वान हॉटेलातल्या लाल सोफ्यावर बाळांना ओळीने बसवून काढलेला फोटो हजारो घरांत आहे. तुमच्या मुलीच्याही अल्बममध्ये असेल तर पोरीला तीच जागा दाखवा. जे हमखास पाहता येतं ते असं आहे.

भेटीत खरी मोलाची गोष्ट म्हणजे फाईल. तिच्यात साधारण काय असतं ते आधी माहीत असलं तर मागता येतं : संस्थेत दाखल केल्याची नोंद, मूल सापडल्याचा पोलिसांचा किंवा सापडवणाऱ्याचा दाखला, वृत्तपत्रात दिलेली सूचना (पालकांनी ६० दिवसांत यावं अशी), तब्येतीच्या नोंदी आणि सांभाळायला एखाद्या कुटुंबाकडे ठेवलं असेल तर त्या कुटुंबाचं नाव. कधीकधी बाळाच्या कपड्यांत ठेवलेली चिठ्ठी असते, लाल कागदावर जन्माची तारीख आणि वेळ लिहिलेली. अशी चिठ्ठी आहे का, हे भेटीआधी लेखी विचारा. उभ्या उभ्या विचारलं की 'नाही' म्हणून सोडून देणं सोपं असतं. काही ठिकाणी फोटो काढू देतात, काही ठिकाणी फक्त बघू देतात. बघूच देत असतील तर दुभाष्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि एकाने लिहून घ्या.

दुभाषा स्वतःचा न्या, संस्थेने दिलेल्यावर अवलंबून राहू नका. त्याला आधीच बजावा की वाक्य जसंच्या तसं सांग, गोड करून सांगू नकोस. सांभाळलेली बाई गावातली म्हातारी असेल तर ती तिथलीच बोली बोलेल, तेव्हा त्या जिल्ह्याचा माणूस मिळाला तर फार बरं.

प्रश्न लहान आणि नेमके ठेवा. कुणाला सापडली, किती वाजता, अंगावर काय होतं, नाव कुणी ठेवलं, कोणत्या खोलीत असायची, कोण सांभाळायचं, कोणता आजार झाला होता. 'लहानपणी कशी होती' याला उत्तर ठरलेलं असतं, 'गोड होती, हुशार होती'. नाव कुणी ठेवलं याचं उत्तर बरंच काही सांगतं. एका संस्थेतल्या सगळ्या मुलांना एकच आडनाव देण्याची पद्धत होती, बहुधा गावाच्या नावावरून, आणि नावातलं एक अक्षर त्या वर्षाच्या सगळ्या मुलांत समान असायचं. मुलीला ते आपल्या जन्मघराचं आडनाव वाटत असेल तर हे आधी घरीच सांगून ठेवा. जन्मतारीखही पुष्कळदा डॉक्टरांच्या अंदाजाने टाकलेली असते.

आत आज दिसणारी मुलं बहुतेक अपंग किंवा आजारी असतील. तिच्या काळचं अनाथालय आणि आजचं यांत फरक आहे, हे मुलीला घरून निघण्याआधी समजलेलं असावं. दुसऱ्या मुलांचे फोटो काढू नयेत. सांभाळलेली बाई आली तर ती रडेल, छातीशी धरेल. मुलगी ताठ उभी राहिली तर 'अगं पाया पड, मिठी मार' असं मागून ढकलू नका. आईशी एक खूण ठरवून ठेवा. मुलीने ती केली की पुढचे प्रश्न बंद, बाहेर.

प्रश्न : बहिणीची पोरगी चीनची हाय. आता सोळाची झाली. तिचे खरे मायबाप भेटतील काय? आम्ही म्हणतो, फोटो लावून पोस्टर छापू, गावात वाटू. लोकं इचारतात, असं लेकरू टाकून काहून देल्लं असंल? पोरीले काय सांगावं? (पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : आधी 'काहून' याचं उत्तर, कारण ते कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

१९८० पासून चीनने एका घरी एकच मूल हा नियम कडक केला. १९८४ नंतर बऱ्याच प्रांतांत खेड्यातल्या लोकांना पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या अपत्याची मुभा मिळाली. दुसरीही मुलगीच झाली की घर पेचात सापडायचं. नियम मोडला तर मोठा दंड, आणि दंड भरेपर्यंत लेकराची सरकारी नोंद होत नसे. नोंद नाही तर शाळा नाही. म्हातारपणी मुलगाच सांभाळणार ही तिकडच्या शेतकऱ्याची चिंता आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. शेजाऱ्याने ते लेकरू रीतसर घ्यावं, तर १९९२ च्या दत्तक कायद्यात घेणारा ३५ वर्षांवरचा आणि निपुत्रिक हवा अशी अट होती. १९९९ पासून ती वयोमर्यादा ३० वर आली. म्हणजे घरी ठेवायची सोय नाही आणि गावात द्यायचीही नाही. दुसरीकडे लेकरू टाकणं हा गुन्हा, त्याला तुरुंगवास. म्हणून बाळ रात्री किंवा पहाटे, पण लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी ठेवलं जायचं : दवाखान्याचं फाटक, बाजार, पोलीस ठाणं, अनाथालयाचंच दार. एका मुलाचा नियम १ जानेवारी २०१६ ला संपला.

'टाकून दिलं' हा शब्द घरात वापरूच नका. पोरीला सांगायला खरं एवढंच आहे : तुझ्या मायबापांचं नाव कागदावर नाही, त्या काळचा कायदा असा होता, आणि तू लवकर कुणाच्या तरी हाती पडशील अशा जागी तुला ठेवलं होतं, असं कागद म्हणतो. 'असं कागद म्हणतो' हे शब्द गाळू नका. कागद नेहमी खरा असतोच असं नाही. २००५ मध्ये हुनानमधल्या हेंगयांग भागात उघडकीस आलं की काही अनाथालयं दलालांकडून बाळं विकत घेत होती आणि सापडल्याची जागा खोटी लिहीत होती. त्यात लोकांना शिक्षा झाल्या. हुनानच्याच शाओयांग भागात कुटुंबनियोजनाच्या अधिकाऱ्यांनी दंड न भरणाऱ्या घरांतून बाळं उचलून नेल्याचं २०११ मध्ये चिनी पत्रकारांनी छापलं. तेव्हा काही मायबापांनी लेकरू सोडलंच नव्हतं. सगळ्याच घरांचं असं झालं हे कुणी म्हणू नये, पण 'तुझ्या आईनेच तुला ठेवलं' असं ठासून सांगणंही धोक्याचं आहे.

आता शोध. मायबापांचं नाव नोंदीत नसल्यामुळे कचेरीत जाऊन पत्ता मिळत नाही. पक्की वाट रक्ताच्या, म्हणजे डीएनएच्या जुळणीची आहे. चीनच्या पोलिसांनी २००९ मध्ये हरवलेल्या मुलांसाठी देशव्यापी डीएनए नोंदवही सुरू केली, तिथे मूल शोधणारे मायबाप आणि मायबाप शोधणारं मूल दोघांचेही नमुने घेतात. २००७ पासून चालणारी 'बाओबेई हुईज्या' ही स्वयंसेवकांची संस्थाही अशा जोड्या लावून देते. दुसरी बाजू म्हणजे अमेरिकेतल्या खासगी डीएनए चाचण्या. तिथे चीनच्या मायबापांचे नमुने कमी, पण दत्तक गेलेल्या मुलांचे भरपूर. त्यामुळे तिथे मायबापांपेक्षा सख्खी किंवा चुलत बहीण दुसऱ्याच देशात वाढलेली सापडण्याची शक्यता जास्त. नमुना देण्याआधी पोरीला हेही सांगितलेलं असावं.

पोस्टरचं म्हणाल, तर ते पोरीने ठरवायचं, मामा-मावशीने नाही. पोस्टर लागलं की ते चिनी समाजमाध्यमांवर जातं आणि परत घेता येत नाही. एकाच पोरीला चार-पाच घरं 'आमची' म्हणत येतात, कारण त्या काळी लेकरू गमावलेली घरं खूप आहेत. प्रत्येक घर डोळ्यांत आस घेऊन येतं. चाचणी होईपर्यंत कुणालाच आई म्हणू नये, कुणाकडून पैसा, दागिना, जेवण घेऊ नये आणि पोरीचं हॉटेल कुणाला कळू देऊ नये. चाचणी जुळली तरी पहिली भेट दुभाष्यासह, बंद खोलीत, कॅमेऱ्याशिवाय. चिनी वाहिन्यांना असे प्रसंग हवे असतात.

आणि पोरगी म्हणाली 'मला शोधायचंच नाही', तर विषय तिथेच थांबवा. सोळाव्या वर्षी नको म्हणणारी पोरं पंचविशीत स्वतः विचारतात. तिच्या नावाचे कागद मात्र आजच नीट जपून ठेवा.

प्रश्न : मी माळकरी, कांदा-लसूण चालतो पण मांस, अंडं नाही. मधुमेह आहे. नातवासोबत बारा दिवस जायचं आहे. खायचं काय आणि सोबत काय न्यायचं? नातवाला सांभाळलेल्या बाईसाठी संत्री नेऊ का? (मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : संत्री नेऊ नका. ताजी फळं, दूध, तूप, लोणी, खवा, पेढे, मांस, अंडी यांवर चीनच्या कस्टममध्ये बंदी आहे. काढून घेतील आणि दंडही होऊ शकतो. बियाणंही नको. आत्याने दिलेली वालाच्या दाण्यांची पुरचुंडीसुद्धा नको. बाईसाठी सुती साडीचं कापड, शाल, नातवाचे लहानपणापासूनचे फोटो लावलेला छोटा अल्बम न्या. वस्तू दोन्ही हातांनी द्यायची. घड्याळ भेट देऊ नका, ते तिकडे अशुभ मानतात. पाकिटात रोख रक्कम घालून कर्मचाऱ्याच्या हाती देऊ नका, ते बिचारे अडचणीत येतात. संस्थेला द्यायचं असेल तर लंगोट, दुधाची पावडर त्यांना विचारून तिथल्याच दुकानातून घ्या.

जेवणाचा त्रास भाजी न मिळण्याचा नसतो. भाज्या भरपूर, पण डुकराच्या चरबीत परतलेल्या, शिंपल्यांचं सॉस आणि कोंबडीची पूड घातलेल्या. 'मी शाकाहारी' म्हटलं तर वरचे मांसाचे तुकडे काढून तीच भाजी पुढे ठेवतील. फरसबीच्या कोरड्या भाजीत आणि तिखट टोफूत खिमा असतोच. म्हणून चिनी लिपीत चिठ्ठी करून ठेवा : मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, चरबी नाही, मांसाचा रस्सा नाही, शिंपल्याचं सॉस नाही, कोंबडीची पूड नाही, फक्त तेलात करा. बौद्ध मठांजवळची शाकाहारी खानावळ मिळाली तर निर्धास्त जेवा, तिथे कांदा-लसूणही नसतो.

जवसाची, कराळाची, शेंगदाण्याची भाजून कुटलेली चटणी, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं कोरडं मिश्रण, पातळ पोह्यांचा चिवडा एवढं पुरतं. सगळं बंद पाकिटात, नाव लिहून. हॉटेलच्या खोलीत किटली असते, रेल्वेत प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याचा नळ असतो. नळाचं साधं पाणी पिऊ नका. लहान गावांत जेवण लवकर होतं, दुपारचं साडेअकरा-बाराला आणि रात्रीचं सहा-सातला. आठनंतर चूल बंद. तुमच्या गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. इन्सुलिन आणि गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सुपारीचा अडकित्ता घरीच ठेवा, विमानात आणि रेल्वेत धारदार वस्तू काढून घेतात.

प्रश्न : तिकडे व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही म्हणतात, आणि रोख पैसे कुणी घेत नाही म्हणतात. खरं का? (चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर : हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप, गुगल, यूट्यूब चालत नाही. आपल्या भारतीय सिमकार्डावर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक घेतला तर बहुधा चालतं, म्हणून घरातल्या एकाच्या तरी फोनवर तो घ्याच. रोख घेणं दुकानदाराला कायद्याने बंधनकारक आहे, पण सुटे नसतात. अलीपे किंवा वीचॅट हे अ‍ॅप निघण्याआधी इथेच पासपोर्ट घालून सुरू करा आणि 'व्हिसा' किंवा 'मास्टरकार्ड'चं बँकेचं कार्ड जोडा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवर येतो, तो बंद असेल तर पैसे अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डाचा परदेशातला वापर मुळात बंद असतो, तो बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून घ्या. बहुतेकांचं इथेच अडतं.

पॉवर बँकेवर चीनची '३सी' (CCC) ही सुरक्षेची खूण नसेल तर २८ जून २०२५ पासून तिथल्या देशांतर्गत विमानात ती नेता येत नाही. आपली तीन गोल पिनांची प्लग तिकडे बसत नाही, अडॅप्टर न्या. हॉटेलऐवजी कुणाच्या घरी उतरलात तर २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करायची. हॉटेल ती स्वतः करतं.

प्रश्न : आम्ही मुलगा नागपूरच्या संस्थेतून घेतला. तो बारा वर्षांचा आहे. चीनच्या मुलांबद्दल ऐकून म्हणतो, 'मला पण माझं घर दाखवा'. आपल्याकडे असं जाता येतं का? (साकोली, जि. भंडारा)

उत्तर : येतं, आणि साकोलीहून नागपूर एका दिवसाचं काम आहे. संस्थेला आधी पत्र लिहा, मुलाच्या दत्तक आदेशाची प्रत जोडा आणि मुलाला नुसतं पाहायचं आहे की माहितीही हवी आहे हे स्पष्ट लिहा. पाहण्याची भेट बहुधा सहज ठरते. संस्था बंद झाली असेल तर नोंदी कुठे गेल्या हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा, तो प्रत्येक जिल्ह्यात आहे.

माहितीसाठी मूळशोधाचा वेगळा अर्ज असतो, तो केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे. अठरा पूर्ण झालेलं मूल स्वतः अर्ज करतं. तुमचा मुलगा बारा वर्षांचा म्हणजे तो आणि तुम्ही मिळून. काका, शेजारी, वकील अशा तिसऱ्याच कुणी तो करू नये असं नियमच म्हणतो. मूल आईने स्वतः बाल कल्याण समितीपुढे सोपवलेलं असेल, त्यात तिला फेरविचाराला ६० दिवस दिलेले असतात, आणि तिने नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची संमती घेतल्याशिवाय नाव मिळत नाही. संमती नाही मिळाली किंवा ती सापडली नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं एवढं कळू शकतं.

जाण्याआधी घरातली फाईल काढा. दत्तक घेताना मिळालेला मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल पुष्कळ घरांत एकदाच वाचून कपाटात जातात. त्यात संस्थेत आल्याची तारीख, वजन, सोबतच्या वस्तू असतात. बेवारस सापडलेल्या बाळाची सूचना फोटोसह वृत्तपत्रात दिलेली असते. तारीख कळली की वाचनालयात तो अंक शोधता येतो. हे सगळं तुम्ही आधी एकट्याने वाचा, मुलापुढे पहिल्यांदा उघडू नका. मग त्याला विचारा की त्याला 'घर' म्हणजे काय पाहायचं आहे. बारा वर्षांच्या मुलाला कधी फक्त आपला पाळणा कुठे होता आणि खिडकीतून काय दिसायचं एवढंच हवं असतं. तसं असेल तर अर्जाची घाई करू नका. एका दुपारची भेट ठरवा आणि त्या वेळी तिथे असलेली कुणी ताई अजून कामावर आहे का, ते पत्रातच विचारून घ्या.